घर घेण्याआधी इंजिनिअर न्या: बेलापूरच्या काळ्या मातीतलं घर कसं तपासायचं

या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जे अर्धवट सुटलं होतं ते इथे पुरं केलंय, आणि दर दोन वाक्यांनी येणारं माझं "म्हणजे काय, की" शक्यतो काढून टाकलंय.

श्रीरामपूरजवळच्या बेलापुरातून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. वडील एसटीतून निवृत्त झाले, मिळालेल्या पैशातून गावातच एक तयार घर घ्यायचं चाललंय. घर चौदा वर्षांचं, दोन मजली. मालक पुण्याला असतो. रंग नुकताच दिलाय. पुढच्या आठवड्यात इसार द्यायचा ठरलाय. अमेरिकेतला चुलतभाऊ फोनवर म्हणतोय, आधी होम इन्स्पेक्टर लाव. तर असा माणूस आपल्याकडे मिळतो का, आणि मिळाला तर तो नेमकं बघतो काय?

त्या नावाचा माणूस मिळत नाही. अमेरिकेत हा स्वतंत्र धंदा आहे. त्यांची संघटना १९७६ पासून आहे आणि अनेक राज्यांत त्याला परवाना लागतो. सौदा करताना तपासणीसाठी ठरावीक दिवसांची मुदत करारातच लिहितात, आणि तपासणीत काही गंभीर निघालं तर घेणाऱ्याला मागे फिरता येतं. आपल्याकडे असा परवाना नाही. पुण्या-मुंबईत नव्या फ्लॅटची तपासणी करून देणाऱ्या कंपन्या निघाल्यात, पण त्यांचा भर फरशी, दारं-खिडक्या, नळ, वायरिंग यांवर असतो. आणि बेलापूर म्हणून शोधलंत तर नेटवर सगळं नवी मुंबईचं बेलापूर येणार. आपल्या बेलापूरला ही सवय आहे म्हणा. रेल्वेचं बेलापूर स्टेशनही आहे श्रीरामपूर शहरात.

तरीही ते काम करणारा माणूस आपल्याकडे आहे. त्याला आपण सिव्हिल इंजिनिअर म्हणतो आणि घर बांधताना बोलावतो, घेताना बोलावत नाही. मी स्वतः सिव्हिलवाला, त्यामुळे यात माझा थोडा स्वार्थ दिसेल. दिसू दे.

पहिला गैरसमज बँकेचा. "कर्ज मंजूर झालंय म्हणजे बँकेच्या माणसाने घर बघितलंच की." बघितलं, पण बँकेच्या डोळ्याने. पॅनेलवरचा व्हॅल्युअर येतो, मोजमाप घेतो, फोटो काढतो, परिसरातला भाव बघतो आणि किंमत काढतो. बँकेला एवढंच हवं असतं, की हप्ते थकले तर हे घर विकून पैसे वसूल होतील का. मोरीच्या मागची भिंत ओली आहे का, हा तिचा प्रश्नच नाही. तो अहवाल बँकेसाठी असतो, तुमच्यासाठी नाही.

दुसरा गैरसमज रेराचा. रेरा कायद्याच्या कलम १४ मध्ये ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा, अशी तरतूद आहे. चांगली तरतूद आहे. पण ती बिल्डरवर लागू आहे. एका माणसाने स्वतःसाठी बांधलेलं घर तो चौदा वर्षांनी दुसऱ्याला विकतो, तिथे रेरा येत नाही. तिथे येतो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याच्या कलम ५५ चा अर्थ साध्या भाषेत असा: जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, पण घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. "साधारण काळजी घेऊनही" हे शब्द लक्षात ठेवा. जो दोष नीट बघितल्यावर दिसला असता, तो न बघण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. नंतर कोर्टात हेच विचारतील, की बघितलं का नाही?

आता बेलापूरकडे येऊ, कारण पुण्यातल्या फ्लॅटची यादी घेऊन इथे गेलात तर मुख्य गोष्टच सुटेल. ती गोष्ट म्हणजे माती.

प्रवरेच्या काठची ही काळी कसदार जमीन. ऊस का येतो, कापूस का येतो, तर ती पाणी धरून ठेवते म्हणून. घराच्या दृष्टीने नेमका तोच तिचा दुर्गुण. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात शेतात पडलेल्या भेगा तुम्ही बघितल्यात, त्यात आख्खा हात जातो. तीच हालचाल घराखालीही चालू असते. घराच्या मधोमध माती झाकलेली, तिथला ओलावा फारसा बदलत नाही. कडेची माती मात्र दर पावसाळ्यात फुगणार, दर उन्हाळ्यात बसणार. घराच्या कडा वर्षातून एकदा वर, एकदा खाली. वीट-सिमेंटला ही कसरत झेपत नाही.

म्हणून काळ्या मातीत पाया खाली मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यायचा असतो. थर फार खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने सुचवलेले अंडर-रीम्ड पाइल वापरतात. बोअर मारून ओतलेला खांब, तळाशी फुगीर बुंध्याचा. तो साधारण साडेतीन मीटरच्या खाली नेतात, कारण ऋतूनुसार ओलावा बदलतो तो वरच्या थरात. बेलापुरात सगळीकडे माती सारखी नाही. काही ठिकाणी चार फुटांवर मुरूम लागतो, काही ठिकाणी पंधरा फूट खाली गेलं तरी काळीच. शेजाऱ्याच्या विहिरीचा काठ बघा, किंवा जवळ कुणाचं बांधकाम चालू असेल तर त्याच्या खड्ड्यात डोकावा. फुकटात माती परीक्षण होतं.

यात पाण्याची दुसरी कहाणी मिसळलेली आहे. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं आणि प्रवरेच्या कालव्यांनी हा पट्टा बागायती झाला. हरेगावचा बेलापूर कंपनीचा साखर कारखाना त्याच काळातला. कालव्याने ऊस दिला आणि बरोबर काही भागांत जमिनी चोपण, खारवटही केल्या. पाणी खालून वर चढतं, बाष्प होऊन जातं, क्षार मागे राहतात. शेतात ते पांढऱ्या थराने दिसतं, घरात ते लोणा म्हणून दिसतं. जोत्याच्या वर दोन-तीन फुटांपर्यंत गिलावा फुगलेला, पोपडे निघतात, हात लावला की पांढरी पूड. लोक म्हणतात रंग खराब होता. रंगाचा दोष नसतो. जोत्यावर ओल अडवणारा थर, ज्याला आपण डीपीसी म्हणतो, तो नसतो किंवा नावापुरता असतो.

याच पाण्याने काँक्रीट कालवलं असेल तर पुढचा प्रश्न. आयएस ४५६ या मानकात बांधकामाच्या पाण्याला मर्यादा घालून दिल्यात: सळई असलेल्या काँक्रीटसाठी क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत, सल्फेट ४००, सामू ६ च्या खाली नको. खारं बोअर असेल तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. क्लोराइड सळईला गंज चढवतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आणि आतून काँक्रीट फोडतो. म्हणून मालकाला विचारायचा एक प्रश्न, चहा घेता घेता, सहज: "बांधकामाला पाणी कुठलं वापरलं होतं हो?" टँकरचं, नळाचं की बोअरचं. खोटं बोलायचं कुणाला सुचत नाही, कारण या प्रश्नात काही आहे असंच वाटत नाही.

आता भेगा. लोक भेग बघून एक तर घाबरतात, नाहीतर "सगळ्याच घरांना असतात" म्हणून सोडून देतात. दोन्ही चूक. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या भेगा असतील तर गिलाव्याला पाणी नीट मारलं नाही एवढंच. कॉलम आणि विटांची भिंत जिथे भेटते तिथली सरळ उभी भेग म्हणजे सांध्यावर जाळी मारली नाही. वरच्या मजल्यावर छताच्या लगेच खाली आडवी भेग असेल तर स्लॅब उन्हाने प्रसरण पावतो आणि भिंतीवर सरकतो. नगरच्या उन्हात हे फार कॉमन आहे. पावसाचं पाणी आत येऊ देऊ नका, बाकी झोप उडवायची गरज नाही.

झोप उडवणारी भेग तिरकी असते. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून निघून भिंतीवर तिरपी जाणारी, गिलावा खरवडला तर विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी उतरलेली दिसणारी. वर रुंद आणि खाली बारीक असेल तर बहुतेक वेळा घराचा एक टोकाचा भाग खाली बसतोय. म्हणजे पाया हलतोय. दुसरी वाईट भेग बीमच्या किंवा कॉलमच्या सळईच्या रेषेत लांबवर धावते, कडेला तांबूस डाग. आत सळई गंजतेय. या दोन दिसल्या की स्वतः निदान करत बसू नका.

भेग जुनी की जिवंत, हे कळण्याची जुनी पद्धत आजही चांगली आहे. भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने पक्की करायची, शेजारी तारीख लिहायची. काच तडकली तर हालचाल चालू आहे. पण काळ्या मातीत हालचाल ऋतूंवर चालते, आठवड्याभरात काही दिसणार नाही. एप्रिल-मेमध्ये भेगा उघडतात, ऑगस्टमध्ये मिटतात. दिवाळीच्या सुमारास, रंग देऊन, भेगांत पुट्टी भरून घर विकायला काढलं तर ते सुंदरच दिसणार. आमच्या श्रोत्याच्या मेसेजमधलं "रंग नुकताच दिलाय" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. रंग देणं गुन्हा नाही, घर विकताना कुणीही देईल. पण अशा वेळी कपाटामागे, जिन्याखाली, माळ्यावर, पाण्याच्या टाकीमागे जायचं. तिथे रंगारी पोचलेला नसतो.

पुढचा प्रश्न दुसऱ्या मजल्याचा. आपल्याकडे घर एकदम बांधत नाहीत. आधी तळमजला, कॉलमच्या सळया वर काढून ठेवलेल्या, मग मुलाचं लग्न ठरलं की वरचा मजला. मूळ पाया किती मजल्यांसाठी काढला होता? नकाशा आहे का? आणि त्या उघड्या सळया पाच-सात वर्षं पावसात गंजल्या, त्यांनाच नव्या जोडल्या का? हे सांध्याचं ठिकाण इंजिनिअरला मुद्दाम बघायला सांगा. बांधणारा मिस्त्री गावातलाच असतो. त्याला गाठून विचारलं तर तो बरंच सांगतो, कधीकधी अभिमानाने.

नवं घर म्हणजे मजबूत हेही धरून चालू नका. महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० ला कोसळली आणि १६ माणसं गेली. ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. तीस वर्षांवरच्या इमारतींनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं अशा तरतुदी आपल्याकडे महापालिका आणि नगरपालिकांच्या कायद्यांत आहेत. ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या घराच्या दारात ती नोटीस येईल म्हणून वाट बघू नका.

गावठाणातला जुना वाडा घेणारेही काही जण असतात. तिथे दगड-मातीची जाड भिंत बघून भरवसा वाटतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला काय झालं ते आठवा. दगडी भिंतीला आत-बाहेर दोन थर, मधे भर, दोन्ही थरांना बांधणारे लांब दगड नाहीत, वर जाडजूड मातीचं धाबं. हादरा बसला तशा भिंती सुटल्या आणि धाबं माणसांवर आलं. जुन्या भिंतीला मधेच पोट आलेलं दिसलं तर थर सुटत चाललेत असं समजा. लाकडी खांब जिथे जमिनीला टेकतो तिथे आणि तुळई जिथे भिंतीत शिरते तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर वाळवीने काम केलंय.

बाहेरून बघायच्या गोष्टींत एक अशी आहे की जी आपल्या गावांत खूप दिसते आणि कुणी मोजत नाही. रस्ता. आधी मुरमाचा होता, मग खडीचा, डांबराचा, त्यावर काँक्रीट, त्यावर पेव्हर. दर वेळी रस्ता वर आला, घर तिथेच. जोतं रस्त्याच्या बरोबरीला आलेलं घर पावसाळ्यात गटाराचं पाणी आत घेणार, आणि पायाच्या काळ्या मातीला पाणी पाजत राहणार. सेप्टिक टाकी कुठे आहे तेही बघा. ती भरून वाहत असेल, किंवा मोरीचा पाइप जमिनीत गळत असेल, तर घराचा एकच कोपरा कायम ओला राहतो, आणि एकच कोपरा फुगणं हे सगळीकडून फुगण्यापेक्षा वाईट. भिंतीला खेटून पिंपळ किंवा मोठा कडुलिंब असेल तर उलटं होतं. मुळं पाणी ओढतात आणि तो कोपरा बसतो.

बरं, इंजिनिअर कोण न्यायचा? घर ज्याने बांधलं तो नको. मालकाने सुचवलेला नको. दुरुस्तीचं कामही मीच करतो म्हणणारा तर अजिबात नको, त्याला दोष जरा जास्तच सापडतात. आणि गावात नाती कशी असतात तुम्हाला माहीत आहे, चौकशी केली तर इंजिनिअर मालकाचा भाचेजावई निघतो. श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर किंवा नगर, म्हणजे आता अहिल्यानगर, इथून आणा. स्ट्रक्चरलचं काम करणारा असेल तर उत्तम. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला, साइटवर आयुष्य काढलेला माणूसही चांगला. फी आधी ठरवा, सहीनिशी लेखी अहवाल फोटोंसह हवा हे आधी सांगा. फी जड वाटत असेल तर आठवा, खरेदीखताची नोंदणी फी किमतीच्या एक टक्का, जास्तीत जास्त ३० हजार, आपण न कुरकुरता भरतो.

तो नाण्याने किंवा हातोडीने गिलावा वाजवून बघेल, बद्द आवाज आला तर आत सुटलाय. शंका आली तर रिबाउंड हॅमर लावेल. त्या यंत्रावर एकट्यावर मात्र विसंबू नका. आयएस १३३११ या मानकातच म्हटलं होतं की त्यावरून काढलेली ताकद २५ टक्के इकडेतिकडे असू शकते. जोडीला अल्ट्रासॉनिक चाचणी असेल तर बरं. एक स्वस्त चाचणी मला आवडते. काँक्रीटचा ताजा टवका काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारायचा. गुलाबी झालं तर काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे, सळईचं रक्षण करतंय. रंगच आला नाही तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तिथपर्यंत काम केलंय. तो रंगहीन थर सळईपर्यंत पोचला की गंजाला दार उघडं. टवका काढायचा तर मालकाची परवानगी लागेल, हे उघड आहे.

परवानगीवरून खरी अडचण. "आमच्यावर विश्वास नाही का?" हे वाक्य ऐकायला लागणार. रागावू नका. बैल घेताना दात बघतो, चालवून बघतो, त्यात बैलवाल्याचा अपमान होत नाही. काका-मामा म्हणत शांतपणे सांगा, की वडिलांची आयुष्याची कमाई आहे, बघून घेतो. जो मालक इंजिनिअरला गच्चीवर जाऊच देत नाही, त्याने उत्तर दिलेलंच आहे.

आणि अमेरिकेतल्या त्या मुदतीचं आपल्याकडचं रूप इसार पावतीत लिहून घ्या: अमुक दिवसांत घेणारा आपल्या अभियंत्याकडून तपासणी करेल, पाया, कॉलम, बीम, स्लॅब यांत गंभीर दोष आढळल्यास इसार परत मिळेल किंवा किंमत पुन्हा ठरेल. मसुदा वकिलाकडून करून घ्या. तोच वकील कागदही बघेल: सातबारा किंवा गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका, ग्रामपंचायतीचा नमुना ८, बिनशेती आहे का, आणि मागच्या तीस वर्षांचा शोध. नदीकडचं घर असेल तर जलसंपदा विभागाची निळी आणि लाल पूररेषाही विचारा. ग्रामपंचायतीत घरपट्टी लागलीय म्हणजे बांधकाम कायदेशीर, असं नसतं. याच्यावर एक वेगळा भाग करू.

आमच्या श्रोत्याने इसार आठ दिवस पुढे ढकलला आणि श्रीरामपूरहून इंजिनिअर नेला. वरचा मजला नंतर चढवलेला निघाला, पण नकाशा मालकाकडे होता आणि पाया दोन मजल्यांचा होता. त्रास निघाला मागच्या कोपऱ्यात. नव्या रंगाखाली तिरकी भेग, आणि तिच्या बरोबर खाली गळणारा मोरीचा पाइप. इंजिनिअरने लिहून दिलं, की आधी पाइप बदला, सांडपाणी घरापासून लांब न्या, भोवती फरसबंदी करून उतार बाहेर द्या, आणि एक पूर्ण वर्ष काच लावून बघा. त्याआधी भेग बुजवू नका. मालक पुण्याहून आला, त्याने स्वतः बघितलं. पाइपचा आणि फरसबंदीचा खर्च किमतीतून वजा झाला. वडील म्हणाले, काचेवर तारीख मीच लिहितो.

तुम्हाला अजून वेळ असेल तर एकच करा, चांगला पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी घराला एक चक्कर मारा. कुणाला न सांगता. पाणी कुठे साचलंय, गच्चीच्या पन्हाळीतून कुठे पडतंय, कुठल्या भिंतीला ओल चढलीय, हे सगळं त्या सकाळी उघड्यावर असतं. दुपारपर्यंत ऊन आलं की बरंचसं वाळून जातं.